मशरूम पावडर, हृदय आणि कोंबड्या

हल्ली रील उघडली की रेशी नाहीतर कॉर्डिसेप्स या औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या बुरश्यांची पावडर दिसतेच, रोज एक चमचा घ्या, हृदय ठणठणीत आणि फुफ्फुसं साफ! फुफ्फुसं साफ म्हणजे नक्की काय होतं ते मात्र कोणी सांगत नाही. पण बुरशी आणि हृदयाचं नातं खरंच आहे आणि ते या जाहिरातींपेक्षा कितीतरी भारी आहे.

जपानी संशोधक अकिरा एंडो यांना वाटलं, बुरशीला इतर सूक्ष्मजीवांशी लढायचं असतं, मग एखादी तरी शत्रूचं स्टेरॉल (पेशीच्या आवरणाला लागणारा, कोलेस्टेरॉलच्या कुळातला पदार्थ) बनणं बंद पाडणारं रसायन तयार करत असेल. सुमारे ६००० बुरश्या तपासल्यावर १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनममधून कॉम्पॅक्टिन मिळालं, म्हणजे पहिलं स्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या गटातलं. उंदरांना दिलं तर ढिम्म फरक नाही, कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल मात्र धाडकन उतरलं.

असं का? लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनतं त्या साखळीत एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम असतं, त्याच्या कच्च्या मालाची जागा स्टॅटिन अडवतं. मग पेशीत कोलेस्टेरॉलची टंचाई होते, एसआरईबीपी-२ हे प्रोटीन केंद्रकात जाऊन एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पकडणाऱ्या रिसेप्टरचं जीन जोरात चालू करतं आणि वाढलेले रिसेप्टर रक्तातलं एलडीएल आत ओढतात, खरा फायदा इथे होतो. पण तेच प्रोटीन रिडक्टेजचंही जीन चालू करतं, आणि उंदरात ते एन्झाइम इतकं वाढतं की औषध पुरतच नाही. (डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा, पेशीला उपाशी ठेवलं की ती रक्तातून उचलते.)

१९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोव्हास्टॅटिन अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीतलं, आणि तेच धिंगरी अळंबीतही (ऑयस्टर मशरूम) सापडतं. पण वाणानुसार प्रमाण बदलतं, त्यामुळे गोळी सोडून धिंगरीची भाजी खाणं हा उपचार नव्हे.

रेशीचं काय? टाइप २ डायबेटिसवाल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका ती कमी करते याला २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) आधार सापडला नाही. फुफ्फुसांसाठी कॉर्डिसेप्स तिबेटी आणि चिनी वैद्यकात जुनं आहे, पण जुनं म्हणजे सिद्ध झालेलं असं नसतं ना. उलट धिंगरीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना बीजाणू श्वासातून जाऊन फुफ्फुसांना अ‍ॅलर्जिक सूज येऊ शकते, म्हणून तिथे मास्क लागतो आणि अळंबी पूर्ण उमलायच्या आत काढतात.