विझणारा ठिपका की दुर्बिणीवरचं दव?

दूरच्या दीर्घिकेत होणारा गॅमा किरणांचा स्फोट बहुधा काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत आटोपतो. मागे राहते ती उत्तरदीप्ती, दर मिनिटाला मंदावणारा एक ठिपका. 19 मार्च 2008च्या स्फोटाचा दृश्य प्रकाश जेमतेम अर्धं मिनिट नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका उजळला होता, आणि तो प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती! एवढा तेजस्वी स्फोट क्वचितच होतो.

एरवीचा हिशोब असा: वेळ दहापट झाली की प्रकाश साधारण दहावा हिस्सा उरतो, म्हणजे अडीच प्रतींची घट (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका ठिपका मंद). दहाव्या मिनिटाला ठिपका 16व्या प्रतीचा असेल, तर शंभराव्या मिनिटाला 18.5 आणि दुसऱ्या रात्री 21च्याही पलीकडे. आठ इंची दुर्बिणीला पहिले दीड-दोन तासच मिळतात. असे स्फोट टिपणाऱ्या स्विफ्टसारख्या उपग्रहाकडून जागा कळली की लगेच कॅमेऱ्याने 60 सेकंदांच्या फ्रेम, म्हणजे छायाचित्रं, घ्यायला सुरुवात करावी. लांब फ्रेम नको. कोकणातल्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, वाऱ्याचा एक झोत ती वाया घालवतो. आधी एकेका फ्रेममध्ये ठिपक्याचं तेज मोजावं, मग पाच-पाच, वीस-वीस जोडाव्यात. 30 जोडल्या की सुमारे 1.8 प्रत अधिक मंद तारा दिसतो.

कोकणात खरा घात दव करतं. रात्री दुर्बिणीची काच उघड्या आकाशाखाली हवेपेक्षा गार पडते आणि समुद्रावरच्या दमट हवेतलं बाष्प तिच्यावर दव होऊन धरतं. मग ठिपक्याचा प्रकाश हळूहळू, अगदी उत्तरदीप्तीसारखाच उतरतो. म्हणून त्याच फ्रेममधले दोन-तीन स्थिर तारे सोबत मोजायचे. तेही अर्ध्या तासात 40 टक्क्यांनी उतरले असतील, तर ते दव किंवा विरळ ढग. ठिपका आणि तारे यांचं गुणोत्तर घ्यायचं; ते घसरलं तरच उत्तरदीप्ती मंदावली. पण गुणोत्तर गेलेला प्रकाश परत आणत नाही, मंद ठिपका बुडतोच. तेव्हा नळीच्या व्यासाच्या दीडपट लांबीचं दवरोधक नळकांडं लावावं आणि काचेभोवतीची, तिला किंचित ऊब देणारी तापपट्टी मंद ठेवावी. जास्त तापली की तारे फुगतात. दव फडक्याने पुसू नये, खाऱ्या वाऱ्यांनी आणलेले मिठाचे कण काचेला ओरखडे पाडतात. रात्री उशिरा मतलई वारे सुटले की हवा बहुधा थोडी कोरडी होते.

घड्याळ इंटरनेटशी जुळवून घ्यावं. फ्रेमच्या मध्याची वेळ जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून, लिहावी. तिसऱ्या मिनिटाला एका मिनिटाची चूक उताराचा आकारच बदलते, शंभराव्या मिनिटाला ती जाणवतही नाही. ठिपका दिसलाच नाही, तर त्या फ्रेममध्ये मोजता आलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत वेळेसह नोंदवावी.