पीएम विश्वकर्मा योजना: केंद्रावर जाण्याआधी घरीच उरकायची कामं

"ताई, फॉर्म भरून चार महिने झाले, पुढं काहीच नाही." ब्लाऊज शिवणाऱ्या, झाडू-टोपल्या करणाऱ्या, गजरे ओवणाऱ्या बायकांकडून हे वाक्य मी सारखं ऐकते. कागद काढून बघितले की कळतं, तिच्या हातच्या कामात काही खोट नाही. घोडं अडलंय ते मोबाइल नंबरापाशी, आडनावापाशी नाहीतर बोटांच्या ठशापाशी. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडक्यात योजना. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची योजना हातानं पारंपरिक काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, २०२७-२८ पर्यंतची. सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देणाऱ्या केंद्रावर, नोंदणी झाली की प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. मग पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण आणि त्याचे दिवसाला ५०० रुपये. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. पुढं हवं असेल तर तारण न ठेवता आधी १ लाखापर्यंत आणि ते नीट फेडलं की २ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजानं. व्हाउचरचे रोख पैसे होत नाहीत, त्यातून अवजारंच घ्यायची. "उद्या शेवटची तारीख आहे, आजच पैसे द्या" असं वस्तीत येऊन कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. नोंदणीला अर्जदाराकडून पैसे घ्यायचे नसतात.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ही योजना शिवण शिकायला निघालेल्या बाईसाठी नाही. जी आज शिवते आहे, त्यावर चार पैसे कमावते आहे, तिच्यासाठी आहे. पडताळणीला आलेल्या माणसानं "काय करता?" विचारल्यावर बाई लाजून म्हणते, "काही नाही, घरीच असते, शिकायचंय." झालं, अर्ज बाद. अहो, तुम्ही रात्री अकरापर्यंत मशीनवर बसता, फॉल-पिको करता, दिवाळीत चाळीस ब्लाऊज शिवून देता, तेच सांगा. मशीन, कापलेलं कापड, मापाची वही समोर ठेवा. ज्यांना खरोखर पहिल्यापासून शिकायचंय त्यांनी पुणे महापालिकेच्या समाज विकास विभागात चौकशी करावी. मुळशी-भोरकडच्या गावांतल्या बायकांसाठी बँकांच्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रांत मोफत प्रशिक्षण असतं.

व्यवसायही ठरलेले १८ आहेत. शिंपीकाम, टोपल्या-चटया-झाडू, हार-गजरे, मातीकाम, पारंपरिक बाहुल्या-खेळणी, कपडे धुणं हे त्यात येतं. बुरूड आळीत सासूबरोबर सुपं विणणारी सून चालते, मंडईबाहेर गजरे करणारी मावशी चालते. पापड, कागदी पिशव्या, मोत्यांचे दागिने त्यात नाहीत. पिशव्या करणाऱ्या बाईचा अर्ज "शिंपी" म्हणून भरून देणारे भेटतात, आणि पडताळणीत तिचीच फजिती होते.

वय १८ पूर्ण हवं. घरात कुणी सरकारी नोकरीत नको. एका कुटुंबातून एकच अर्ज, पण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, एवढंच. सासूनं अर्ज केला म्हणून लग्न झालेल्या मुलाच्या बायकोला "तुमच्या घरात एक झालाय" असं सांगून परत पाठवतात, ते चूक आहे. गेल्या पाच वर्षांत मुद्रा, स्वनिधी किंवा पीएमईजीपी या सरकारी योजनांतून धंद्यासाठी कर्ज घेतलेलं नसावं. यातही मुद्रा आणि स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलं असेल तर अर्ज करता येतो. करोनाच्या काळात स्वनिधीचे १०,००० घेतलेल्या हार-फुलवाल्या आपल्याकडे खूप आहेत. फेडले असतील तर बँकेकडून तसं पत्र लिहून घ्या.

कागद चारच: आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक, रेशन कार्ड. रेशन कार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला या यादीत नाही, त्यासाठी खाडा करून तहसीलला जाऊ नका.

पण या चारांतच माणसं अडकतात. आधारला जोडलेला नंबर बहुधा नवऱ्याच्या जुन्या सिमचा असतो, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. ओटीपी येणार कुठं? तो नंबर आधी बदला आणि स्वतःचाच द्या. आडनावाचं दुखणं त्याहून मोठं. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. आधारवर नाव बदलायला बहुधा विवाह नोंदणीचा दाखला मागतात आणि तो वस्तीत दहातल्या नऊजणींकडे नसतो. वीस वर्षांपूर्वी गावाकडं मांडवात लग्न लागलं, कुणी केली नोंदणी? सरकारला हे माहीत नाही असं नाही, तरी रांगेत उभी राहते ती बाईच. लग्न पुणे शहरात झालं असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी उशिरानेही होते. लग्नपत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदारांची जुळवाजुळव आधी करा. हे काम पहिलं हाती घ्या, सगळ्यात जास्त वेळ यालाच जातो.

ठशांचं सांगायलाच हवं. जनता वसाहतीतल्या एका ताईंबरोबर मी केंद्रावर गेले होते. सकाळी चार घरची भांडी, रात्री शिलाई. यंत्रावर दहाही बोटं ठेवून झाली. प्रत्येक वेळी त्या बोट पदराला पुसायच्या, पुन्हा ठेवायच्या. घासणीनं रेघाच राहिल्या नव्हत्या. समोरचा म्हणाला, "हात स्वच्छ धुऊन या." मला फार वाईट वाटलं. यावर उपाय आहे: आधार सेवा केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, आणि डोळ्यांनी ओळख पटवायचं यंत्र असलेलं केंद्र शोधा. ताईंचं काम शेवटी तसंच झालं.

बँकेत "आधार लिंक आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. "या खात्याला डीबीटी सुरू आहे का?" असं विचारा. डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात जमा होणं. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात पडतात, तेच बहुधा तुमचं डीबीटीचं खातं.

बाकी प्रक्रिया सरळ आहे. सीएससी केंद्रावर नोंदणी होते, मग शहरात महापालिका आणि गावात ग्रामपंचायत, त्यानंतर जिल्हा समिती, शेवटी छाननी समिती अशी तीन टप्प्यांत तपासणी. अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा, मोबाइलमधला फोटो हरवतो.

आणि प्रशिक्षणाचा फोन अनोळखी नंबरावरून येतो, तो उचला. ज्या घरी कामाला जाता तिथं आठवडाभराच्या सुट्टीचं आधीच बोलून ठेवा. ५०० रुपये रोज हातात मिळत नाहीत, खात्यात येतात, तेव्हा त्या आठवड्याच्या किराण्याची सोय आधी करून मगच होकार द्या.