खालून कॅमेरा लावला की माणूस मोठा दिसतो?

वडसा-ब्रम्हपुरीकडे मोबाईलवर शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांनी एक नियम पाठच केला आहे: कॅमेरा खाली लावा, माणूस ताकदवान दिसतो. हे अर्धंच खरं आहे. १९४१ च्या ‘सिटिझन केन’ या अमेरिकन सिनेमात निवडणूक हरलेला नायक केन थेट पायांच्या पातळीवरून दिसतो; त्यासाठी सेटची जमीन फोडून कॅमेरा खाली उतरवला होता. तरी तो खचलेलाच वाटतो, कारण डोक्यावर छत दाबून बसलंय आणि भोवती ओसाड पडलेलं कार्यालय आहे. धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, शेतकरी खालून टिपा, मागे मोकळं आभाळ असलं तर उंच वाटेल. त्यालाच सपरीच्या पत्र्याखाली उभा करा, कोंडलेला वाटेल. पोस्टर बघतानाही चेहऱ्याभोवती किती जागा सोडली, ते आधी पाहावं.