परदेश सहल ठरवण्याआधी दोन शब्द

नमस्कार. दादरच्या आमच्या छोट्या ऑफिसात युरोपची चौकशी करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न पूर्वी ठरलेला असायचा, "किती देश होतात?" आता बरेच जण विचारतात, "एका जागी मुक्काम किती रात्रींचा?" हा बदल आम्हाला मनापासून आवडतो.

१९५० साली जगभरात मिळून परदेशी पर्यटक होते जेमतेम अडीच कोटी. २०१२ मध्ये आकडा १०० कोटींपलीकडे गेला, २०१९ मध्ये १४६ कोटींच्या घरात. कोविडच्या २०२० मध्ये तो ४० कोटींवर आला. ते वर्ष आम्ही तिकिटं रद्द करण्यात घालवलं. २०२४ मध्ये पुन्हा सुमारे १४० कोटी. आपल्याकडचं पाहा: १९९१ मध्ये वर्षभरात सुमारे १९ लाख भारतीय परदेशी गेले, २०२४ मध्ये तीन कोटींहून जास्त. यात नोकरी-शिक्षणासाठी जाणारेही आले.

माणसं वाढली, व्हेनिसच्या गल्ल्या मात्र तेवढ्याच. म्हणून २०२४ पासून तिथे ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर (प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर) दिवसाला २०,००० जणांनाच सोडतात, तेही वेळ ठरवून. अशा गर्दीत धावतपळत पाच देश केले, तर निम्मी सहल बसमध्ये आणि रांगेतच संपते. एका आजींनी परत आल्यावर फोटो दाखवले. बसच्या काचेवरचे पावसाचे थेंब स्पष्ट, मागचा आयफेल टॉवर धूसर. तो कार्यक्रम आम्हीच आखला होता. त्यानंतर आम्ही तशी सहल विकणं बंद केलं.

शाळेची अडचण नसेल तर मे महिना टाळा. सप्टेंबरअखेर निघालात तर गर्दी कमी आणि हवाही छान. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उशीर करू नका.

२०२३ च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसातून सूट दिली आणि तिकडची चौकशी एकदम वाढली. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा आम्हाला विचारा.

येताना पासपोर्ट आणा, निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे ना ते बघू. आणि आजी-आजोबा सहलीला येणार असतील तर त्यांनाही सोबत आणा. किती चालवतं, जिने चढवतात का, हे त्यांच्याच तोंडून ऐकून आम्ही मुक्काम ठरवतो.