तोकायी ऑसू

हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात, झेम्प्लेन डोंगरांच्या पायथ्याला तोकाय नावाचा द्राक्षपट्टा आहे, तिथली ही गोड वाइन. तोकाय गावापाशी बोद्रोग नदी तिसाला मिळते, तिथे शरद ऋतूत सकाळी धुकं आणि दुपारी ऊन, सगळा खेळ एवढ्यावरच. ओलाव्यात बोट्रायटिस बुरशी मण्यांवर धरते, सालीला बारीक भोकं पाडते, उन्हाने आतलं पाणी उडतं आणि मणी बेदाण्यासारखा होतो, साखर आणि आंबटपणा दोन्ही आटून घट्ट. पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी अख्खा घड सडवते, म्हणून ऑसू दरवर्षी जमतेच असं नाही. द्राक्ष मुख्यतः फुर्मिंट, जोडीला हार्शलेवेल्यू आणि मुस्कॅट.

पहिली ऑसू कोणी केली यावर बराच वाद आहे. लोकप्रिय कथा अशी की सेप्शी लात्स्को माते हा कॅल्विनपंथी पाद्री, झुझान्ना लोरान्त्फी हिच्या मळ्यावर होता, तुर्कांच्या स्वारीच्या भीतीने काढणी लांबली, मणी वेलीवरच सुकले, त्याने त्यांचीच वाइन केली आणि पुढच्या ईस्टरला मालकिणीला दिली. साल कुठे 1630, कुठे 1631, कुठे 1650 दिलेलं असतं. सेप्शी 1633 च्या सुमारास वारला असं मानतात, म्हणजे 1650 तर सरळ बाद. पण मूळ अडचण वेगळीच आहे, बालाझ सिक्सॉई फाब्रित्सिउसच्या शब्दसंग्रहात ऑसू वाइनचा उल्लेख आहे, तो छापला 1590 मध्ये आणि कर्ता 1576 मध्येच गेला होता, शिवाय 1571 च्या एका मालमत्तेच्या यादीतही ऑसू सापडल्याचं सांगतात. तेव्हाची ऑसू म्हणजे नुसती वाळलेल्या द्राक्षांची वाइन असू शकते, बुरशीचीच असेल असं या कागदांवरून ठरत नाही. त्यामुळे सेप्शीला शोधाचं नाही तरी पद्धत बसवल्याचं श्रेय द्यावं असं काहीजण म्हणतात, आणि हे मत जास्त पटण्यासारखं आहे. चौदाव्या लुईने हिला 'राजांची वाइन, वाइनांची राजा' म्हटलं ही गोष्ट मात्र ऐकीव समजावी, कारण काहीजण तेच पंधराव्या लुईच्या नावावर खपवतात. 1737 च्या शाही फर्मानाने पट्ट्याच्या हद्दी आखल्या.

सुकलेले मणी एकेक करून वेचतात, एकाच बागेत पुन्हापुन्हा फिरून. मग ते रसात, आंबत्या रसात किंवा नव्या वाइनमध्ये एक-दोन दिवस भिजवून पिळतात. पूर्वी 136 लिटरच्या गोंत्सी पिंपाला मण्यांच्या किती टोपल्या घातल्या यावरून गोडी मोजत, त्या टोपलीला पुत्तोन्य म्हणतात, एकीत साधारण 20-25 किलो मणी. बाटलीवरचा 5 किंवा 6 पुत्तोन्योश हा आकडा तिथूनच आलाय, पण आता टोपल्या कोणी मोजत नाही, लिटरमागे उरलेली साखर मोजतात, 5 ला निदान 120 ग्रॅम आणि 6 ला 150. 3 आणि 4 चे दर्जे 2013 च्या नियमांनी गेले. ओक पिंपात निदान 18 महिने ठेवावीच लागते. ढिगातल्या मण्यांच्या स्वतःच्याच वजनाने जो रस ठिबकतो त्याची एसेन्सिया होते, लिटरला 450 ग्रॅमच्या वर साखर, इतकी की यीस्टही दमतं, आंबायला वर्षं लागतात आणि अल्कोहोल जेमतेम 5-6 टक्क्यांवर अडतं. ती ग्लासात नाही, चमच्याने घेतात.

सोबत काय खायचं हे साखरेपेक्षा आंबटपणावर ठरतं. ऑसूत गोडीच्या खाली चांगला धारदार आंबटपणा असतो, म्हणून रोकफोर किंवा स्टिल्टनसारखं खारट निळं चीज आणि फ्वा ग्रा (पुष्ट केलेल्या हंसाचं किंवा बदकाचं लिव्हर) जमतं, हंगेरीत तर हंसाचं लिव्हर ही ठरलेलीच जोडी. गोडात जर्दाळूचा टार्ट उत्तम, कारण वाइनमध्येही जर्दाळू, मध आणि संत्र्याच्या सालीचा वास असतो. पदार्थ वाइनपेक्षा गोड नको, नाहीतर वाइन नुसती आंबट लागते, पाकातल्या गुलाबजामासोबत हेच होईल. डार्क चॉकलेटची शिफारस सगळीकडे दिसते, ती फारशी पटत नाही, कडवटपणा फळाला दाबतो. 10-12 अंशांना, लहान ग्लासात द्यावी. बाटली बहुधा अर्ध्या लिटरची असते, चौघांना पुरते.

सीमेपलीकडे स्लोव्हाकियातल्या काही गावांतही तोकाय वाइन बनते.