इंजिन बंद पडणं आणि इंजिनाची ताकद घटणं: एकट्या वैमानिकाला जास्त धोका कशात?

एकच इंजिन असलेलं विमान, शेजारची सीट रिकामी, आणि अचानक इंजिनाचा आवाज बदलतो. पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. इंजिन पूर्ण बंद पडतं, नाहीतर ते चालू राहतं पण पुरेशी ताकद देत नाही. ऐकायला दुसरा प्रकार सौम्य वाटतो. माझ्या मते एकट्या वैमानिकासाठी तोच जास्त घातक आहे, आणि सराव मात्र बहुतेक वेळा पहिल्याचाच होतो.

इंजिन पूर्ण बंद पडलं की निर्णयाचा प्रश्नच उरत नाही: आता उतरायचंच. लगेच नाक खाली करून ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत सर्वात दूर जाण्याचा, वेग धरायचा. सेसना १७२एस या छोट्या विमानात पूर्ण वजनाला तो ६८ नॉट (ताशी सागरी मैल) असतो, आणि वारा नसेल तर १००० फूट उंचीत साधारण दीड सागरी मैल अंतर कापता येतं. मग मोकळी जागा हेरायची, आणि उंची शिल्लक असेल तरच कारण शोधायचं: इंधनाची टाकी बदलणं, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा), इंजिनाला कार्ब्युरेटर असेल तर कार्ब हीट (त्यात गरम हवा सोडणारा दांडा), मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी जोडी). रेडिओ त्यानंतर. हात दोनच असल्यामुळे हा क्रम पाठ असावा लागतो. उड्डाणानंतर लगेच बंद पडलं तर वेग सांभाळून समोर उतरण्यापलीकडे काही करायला वेळ नसतो.

ताकद घटते तेव्हा चित्र धूसर असतं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००० ते २०१० मधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा विमानांत उड्डाणानंतर ताकद घटण्याचे प्रसंग पूर्ण बंद पडण्याच्या सुमारे तिप्पट निघाले. जीवघेणे अपघातही याच प्रकारात होते. कारण उघड आहे. इंजिन चालू आहे, धावपट्टी मागेच आहे, परत फिरू, असं वाटतं. उंची टिकवायला नाक नकळत वर ओढलं जातं, वेग गळतो, आणि त्यातच वळण घेतलं जातं. उंची राखून ४५ अंश कलून वळलं तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. तीनशे फुटांवर स्टॉल झाला तर सावरायला जागाच नसते.

म्हणून इथेही आधी नाक खाली आणि ग्लाइडचा वेग. त्या वेगाला विमान उंची धरतंय की उतरतंय, हे अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) पाहायचं. धरत असेल तर हलक्या वळणाचा विचार करता येतो, तोही प्रत्येक क्षणी एखादी मोकळी जागा आवाक्यात ठेवून. उतरत असेल तर समोरच उतरायचं. उरलेली ताकद कधीही जाऊ शकते.

कारण शोधतानाही फरक पडतो. कार्ब्युरेटरमधल्या (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागातल्या) बर्फाचंच घ्या. हवा दमट असेल तर २० अंश तापमानातही तो धरतो. कार्ब हीट पूर्ण ओढली की आधी इंजिन आणखी थरथरतं, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) अजून घसरतो, कारण वितळलेलं पाणी इंजिनातून जात असतं. घाबरून ती परत ढकलणं हीच चूक. थांबलं तर आरपीएम चढू लागतो. ही उष्णता एक्झॉस्टची असते, त्यामुळे इंजिन थांबल्यावर ती लवकरच संपते. याउलट मॅग्नेटो एकेक करून तपासणं उंचीवरच ठीक. खाली असताना चुकीच्या बाजूला किल्ली फिरवली तर चालतं इंजिनही बंद पडेल.

ऑइलचा दाब शून्य आणि तापमान चढतंय, तर अर्धवट बिघाड लवकरच पूर्ण होणार असं धरून चालावं. इंजिन चालू आहे म्हणून रेडिओवर बोलायला संकोच वाटतो, तो बाजूला ठेवा. उंची धरत असाल तर पॅन-पॅन (तातडीची हाक), नसाल तर मेडे (जिवाच्या धोक्याची हाक).

आणि शेतात पोहोचणार याची खात्री झाली की थ्रॉटल (ताकदीचा दांडा) स्वतःच पूर्ण मागे घ्या, मिक्श्चर तोडा, इंधन बंद करा. अडखळणाऱ्या इंजिनाने अगदी टेकताना मध्येच जोर धरला, तर नीट जमलेलं उतरणं बिघडतं.