रेशो जुळणं वेगळं, चाल जुळणं वेगळं

जुन्या जीपवाल्यांना हे पाठ असतं: पुढचा आणि मागचा क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, एकाच रेशोचा (दात्यांच्या प्रमाणाचा) हवा. विलीज एमबी या महायुद्धातल्या जीपला दोन्हीकडे 4.88, म्हणजे 8 आणि 39 दाते. नंतरच्या सीजे-3बी जीपला 5.38, म्हणजे 8 आणि 43. कुर्ल्याच्या एका गॅरेजने माझ्या एमबीला मागे 5.38 चा एक्सल चढवला आणि पुढचा 4.88 तसाच ठेवला. टू-व्हील ड्राइव्हमध्ये गाडी मजेत. पावसाळ्यात फोर-व्हील लावून चिखलातून बाहेर पडलो, डांबरावर आलो, तर फोर-व्हीलचा लीव्हर निघेना. थोडी रिव्हर्स घेतली तेव्हा कुठे सुटला. "नवीन काम आहे, घट्ट असणारच," गॅरेजवाला म्हणे. दहा टक्क्यांचा फरक गाडी रुळल्यावर जातो होय?

इथवर पाठांतर बरोबर. पण त्याच जोरावर लोक महायुद्धातल्या अमेरिकन एम3 हाफ-ट्रॅककडे (पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखा पट्टा) बघतात, पुढे 6.8 आणि मागे 4.44 वाचतात, आणि कुणीतरी भलताच एक्सल बसवलाय असा निकाल देऊन मोकळे होतात. अहो, तो कारखान्यातूनच तसा आलाय.

चाक एकदा फिरायला एक्सलला ताकद पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला किती फेरे घ्यावे लागतात, रेशो एवढंच सांगतो. तेवढ्यात गाडी किती सरकली, हे त्याला ठाऊक नसतं. जीपचे चारही टायर सारखे, त्यामुळे रेशो जुळला की चालही जुळते आणि दोन्ही एकच असं डोक्यात बसतं. हाफ-ट्रॅकला मागे टायर नाही, पट्टा ओढणारा स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, आहे, आणि तो पुढच्या चाकापेक्षा बराच लहान. 6.8 भागिले 4.44, म्हणजे 1.53. चाकाचा एक फेरा होतो तेवढ्यात स्प्रॉकेटचे दीड. दादरच्या पुलावर पोराचा हात धरून लोकल गाठणारा बाप बघा: त्याची दोन पावलं, पोराची तीन, म्हणून दोघं बरोबर पोचतात. मागेही 6.8 बसवलात तर पट्टा मागे रेंगाळेल आणि पुढची चाकं त्याला फरफटवायला बघतील. पुढच्या-मागच्या एक्सलमधे वेगातला फरक सोसणारा डिफरन्शियल नाही, तेव्हा हा ताण टायर, शाफ्ट आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवरच येणार.

आता मोजणी. मागे बोगीची, म्हणजे पट्ट्यावर गाडीचं वजन पेलणारी, चाकं मोजणाऱ्यांना मी हात जोडतो. ती पट्ट्यावर नुसती लोळतात, त्यांच्या व्यासाचा इथे काडीचा संबंध नाही. स्प्रॉकेटचे दाते गुणिले पट्ट्याची पिच (एका दात्यामागे पट्टा सरकतो ते अंतर), भागिले 4.44. पुढे टायरवर छापलेला आकडा धरू नका. गाडीचं वजन अंगावर असताना चाक एक फेरा लोळवा, जमिनीवर टेप लावा आणि त्याला 6.8 ने भागा. ही दोन उत्तरं, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यातली मागची आणि पुढची चाल, जवळपास सारखी यायला हवीत.

जर्मन 251 हाफ-ट्रॅक यात ओढू नका. त्याची पुढची चाकं फक्त वळवायला, त्यांना इंजिनाची ताकद जातच नाही.

आणि आपल्या जीपचा रेशो चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण करून, फेरे मोजून काढणार असाल तर एक्सलची दोन्ही चाकं जॅकवर घ्या. एकच उचललंत तर डिफरन्शियलमुळे ते दुप्पट फिरतं आणि 4.88 चा 2.44 दिसतो. त्या 2.44 चे फोटो कृपया मला पाठवू नका.